मशेरी सोडणाऱ्या बायकांच्या गावात

आमच्या कराडकडं तिला मिसरी म्हणतात, पेण-रोह्याकडं मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं हिरड्यांना चोळायची. नावं दोन, सवय एकच. मी मिसरी चौतीस वर्षं लावली. पोस्टात कारकून होते. इस्त्रीची साडी, हातात घड्याळ आणि पर्समध्ये रुमालाखाली एक पत्र्याची डबी. ऑफिसात कुणाला कळलं नाही, नवऱ्याला कळलं पण तो गप्प राहिला, आणि माझ्या बहिणीच्या मुलीला, मनीषाला, तर कधी शंकाही आली नाही.

म्हणूनच जानेवारीत तिचा फोन आला तेव्हा मी कात्रीत सापडले. मनीषा पेणजवळच्या एका गावात दिलेली. तिथं ती आशाताईचं काम करते, म्हणजे घरोघर फिरून गरोदर बायकांची, लहान मुलांची, बीपी-साखरेच्या माणसांची काळजी घेते. गावातल्या बायकांची मशेरी सोडवायचं तिनं गेल्या वर्षापासून मनावर घेतलं होतं.

"मावशी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ये," ती म्हणाली. "आणि माझ्या सासूबाईंना जरा समजाव. माझं त्या ऐकत नाहीत. तू नोकरी केलेली बाई, तुझं ऐकतील."

येते म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या बायकांची तोंडं मी आतून पाहिलीत, तेव्हा एवढा आडपडदा ठेवायलाच हवा.

पेण

मनीषा स्टँडवर स्कूटर घेऊन उभीच होती. पेणला आल्यावर मला आधी पोह्याचे पापड घ्यायचे होते, पण ती मला थेट एका ठोक दुकानात घेऊन गेली.

"बेचाळीस ब्रश द्या. मऊ दातांचे."

"शाळेत वाटायचे का?" दुकानदारानं विचारलं.

"नाय, हळदीकुंकवाचं वाण हाय."

तो मोजता मोजता थांबला. "वाण म्हणून दातांचा ब्रश?"

"वाट्या-चमचे सगळ्यांकडं झालेत," मनीषा म्हणाली. माहेरी असताना ही मुलगी चारचौघांत तोंड उघडत नसे. आता पेणच्या बाजारात ती तिथल्याच बोलीत घासाघीस करत होती. दुकानदारानं ब्रश बांधून दिले आणि एक बाजूला काढून ठेवला. "आमच्या आईला देऊन बघतो," म्हणाला.

गाव वडखळच्या अलीकडं, हमरस्ता सोडून आत. भात कापून झालेलं, त्याच जमिनीत उरल्या ओलीवर वाल पेरलेले. शेंगा भरत आल्या होत्या. बांधावर उभं राहिलं की खाडीच्या अंगाला डोलवीच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसतात. गावातले निम्मे पुरुष तिकडं ठेकेदाराकडं कामाला, मनीषाचा नवराही त्यांतलाच. पायवाटेनं वालाचा भारा घेतलेली बाई आणि शिफ्ट संपवून हेल्मेट हातात घेतलेला माणूस एकामागोमाग घरी येताना दिसतात. आमच्याकडं शेतकरी आणि कामगार ही दोन वेगळी घरं असतात, इथं ती एकाच ताटात जेवतात.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि भाजलेली सुकट. आमची ज्वारीची भाकरी दातांना काम देते, ही तोंडात ठेवली की विरघळते. ताटात मीठ वाढलेलं नव्हतं. मी इकडंतिकडं पाहिलं.

"गावात ठरलंय," मनीषा म्हणाली. "मीठ वरून घ्यायचं नाही. सुकट आधीच खारट असते, आणि बीपीच्या गोळ्या घेणारी निम्मी घरं आहेत."

समोर तिच्या सासूबाई बसल्या होत्या, हिराबाई. साठीच्या पुढची, शिडशिडीत, हातांवर गोंदलेली बाई. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मीठ गेलं विहीणबाई, आता मशेरीवर डोळा हाय. उद्या ही म्हनल, श्वास पन मोजून घ्या."

मी हसले. हसताना ओठ मिटलेलेच ठेवले.

मग खोलीत जाऊन बॅग उघडली. प्रवासात डबीचं झाकण उघडलं होतं. चारी साड्या, टॉवेल, मनीषासाठी आणलेले तिळाचे लाडूसुद्धा काळ्या भुकटीनं माखलेले. कुणी बघत नाहीसं पाहून मी सगळं परसात झटकलं. पाच दिवस काढायचे होते आणि जवळ चिमूटभरही मिसरी उरली नव्हती.

परसातला तवा

दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं ठणकत होतं. तोंडाला पाणी सुटत होतं, बोट आपोआप हिरडीकडं जात होतं. ज्यांना ही सवय नाही त्यांना सांगून पटणार नाही, पण त्या वेळी आपल्याला दुसरं काही सुचत नाही. मनीषा गृहभेटींना गेली होती. तेवढ्यात गोठ्यामागून वास आला, तंबाखू भाजल्याचा.

मी वासामागं गेले. तीन विटांच्या चुलीवर तवा ठेवून हिराबाई बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पटकन पदर पुढं ओढला. मी त्यांच्या शेजारी बसले आणि तळहात पुढं केला.

त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. "विहीणबाई, तुमी पन?"

"चौतीस वर्षं."

"आन सूनबाईनं तर तुमाला मला समजवायला बोलवलं."

"व्हय," मी त्यांच्याच भाषेत म्हटलं. त्यावर त्यांना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी माझ्या हातावर चिमूट ठेवली.

आम्ही दोघी त्या परसात अर्धा तास बसलो. हिराबाई चौदा वर्षांच्या असताना दाढ दुखली म्हणून आत्यानं मशेरी लावायला दिली होती. पुढं लग्न झालं, लावणीला चिखलात दिवसदिवस वाकून उभं राहायचं. "मशेरी लावली की भूक मरते गो," त्या म्हणाल्या. "पोटुशी होते तवा पन भाकर दुपारीच मिळायची. सकाळभर ह्याच्यावर काढायचं. आता भाकर मिळते, पर ही काय जात नाय."

माझी सुरुवात भुकेनं झाली नव्हती. पहिल्या बदलीच्या गावी एकटी राहत होते, शेजारीण लावायची, गप्पा मारता मारता मीही लावली. मला स्वतःची लाज वाटली. तरी त्यांनी दिलेली चिमूट मी लावलीच.

दुपारी मारुतीच्या देवळापुढं हळदीकुंकू होतं. गावातल्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या, ज्यांचे नवरे गेलेत त्याही. मनीषानं त्यांनाही कुंकू लावलं आणि कुणी भुवई उंचावली नाही. आमच्याकडं हे अजून सगळीकडं होत नाही. वाणाचे ब्रश वाटून झाल्यावर मनीषा बोलायला उभी राहिली. मशेरीनं तोंडात चट्टे कसे पडतात, तोंड उघडायचं कसं कमी होतं, ती नीट सांगत होती. एवढ्यात मागून सुगंधा नावाची एक धिप्पाड बाई म्हणाली, "ते समदं खरं. पर आधी तुज्या परसातला तवा उतरव. सकाळी वास आमच्या दारापातुर येतो."

सगळ्यांच्या नजरा हिराबाईंकडं वळल्या. त्या खाली बघत होत्या. मनीषाचा चेहरा पडला. मग तिनं माझा हात धरून मला उभं केलं.

"ही माझी मावशी. तीस वर्षं पोस्टात नोकरी केली. हिनं जन्मात मशेरीला हात लावला नाही. मनात आणलं की राहता येतं."

चाळीस बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. सकाळची मशेरी अजून जिभेवर होती. मान डोलावून खाली बसणं सोपं होतं, आणि मी तेच करणार होते. पण हिराबाईंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मी खोटं बोलले तरी त्या सांभाळून घेणार होत्या. तेच मला सोसवलं नाही.

"मनीषाला माहीत नाही," मी म्हटलं. "मी चौतीस वर्षं लावते. आज सकाळीही लावली, हिराबाईंच्याच तव्यावरची."

मनीषानं माझा हात सोडला.

एका म्हातारीनं विचारलं, "सोडावीशी वाटती का कदी?"

"रोज सकाळी वाटते. दुपारपर्यंत टिकते."

पहिल्यांदा सुगंधाच हसली, मग सगळ्याच हसायला लागल्या, कारण तो हिशेब प्रत्येकीला ठाऊक होता. "माजं तर न्याहारीपातुर पन टिकत नाय," सुगंधा म्हणाली. दुसरी म्हणाली, कंपनीची बस नवऱ्याला घेऊन गेली की घर रिकामं होतं, तेव्हा हात डबीकडं जातो. एकजणी म्हणाली, पोट साफच होत नाही लावल्याशिवाय. जिला तिला आपली हरायची वेळ सांगायची होती. वर्षभर मनीषा त्यांना सांगत होती, त्या दिवशी त्या मनीषाला सांगत होत्या. बघता बघता दिवस कलला.

घरी आल्यावर मात्र ती माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी भांडी घासताना मी तिच्या शेजारी बसले, तेव्हा मान न वळवता म्हणाली, "मला आधी सांगायचं होतंस. मी तुला माझ्या बाजूची म्हणून बोलावलं."

"तुझ्याच बाजूची आहे गं. फक्त सवय त्यांच्या बाजूची आहे."

तिनं हात धुतले, मोबाइलचा दिवा लावला आणि म्हणाली, "तोंड उघड." माझं बघून झाल्यावर तिनं सासूबाईंना हाक मारली. हिराबाई कधी नव्हे त्या मुकाट आल्या. खालचा ओठ उलटा केल्यावर मनीषा थांबली. आत रुपयाएवढा पांढरा चट्टा होता.

"गुरुवारी रोह्याला सरकारी दवाखान्यात तोंडाची तपासणी आहे," ती म्हणाली. "तुम्ही दोघी जा."

"मी नाय जायची," हिराबाई म्हणाल्या. "डाक्टर काय चांगलं सांगनार हाय का?"

खांब

दवाखान्याला त्या तयार झाल्या नाहीत, पण बहिणीकडं जायला तयार झाल्या. थोरली बहीण जनाबाई महामार्गावरच्या खांब गावापासून आत, कालव्याकाठच्या गावात दिलेली. वर्ष झालं, ती कुठल्या लग्नाला आली नव्हती की बारशाला. "माज्यावर रुसली," हिराबाई म्हणाल्या. "वालाच्या शेंगा भरल्यात, पोपटी खायला जाऊ आन रुसवा काडू." खांबहून रोहा जवळ, हे मनीषाच्या ध्यानात होतं. तिनं हिराबाईंचे दवाखान्याचे कागद माझ्या बॅगेत ठेवले.

वडखळचा नाका ओलांडायला एसटीला जो वेळ लागला तो मी वाचकांच्या माथी मारत नाही. त्या दिवशी मी सकाळपासून काही लावलं नव्हतं. हिराबाईंनी लावली होती.

जनाबाई अंगणातच भेटल्या. पदर डोक्यावरून ओढून उजव्या गालाशी गच्च धरलेला. हिराबाई लांबूनच भांडायला लागल्या, "काय केलं गो मी तुजं? माज्या लेकीच्या पोरीच्या बारशाला आली नाय तू."

जनाबाईंनी पदर सोडला.

उजवा गाल आत ओढलेला होता आणि हनुवटीपासून कानापर्यंत शिवणीची रेघ गेली होती. हिराबाईंनी हातातली पिशवी ओट्यावर ठेवली.

"मुंबईला नेली व्हती पोरांनी," जनाबाई म्हणाल्या. शब्द जरा अडखळत, पण स्पष्ट कळत होते. "तुला नाय कळवलं. तू रडत बसली असती."

"मशेरीनं?"

"मंग काय पेढ्यानं?"

दुपारी शेतात पोपटी लावली. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मधे बटाटे आणि अंडी, तोंडाशी पुन्हा पाला दाबायचा. मग मडकं उपडं ठेवून भोवती गवत-काटक्यांचा जाळ. पाणी नाही की तेल नाही. अर्ध्या तासानं मडकं उघडलं आणि त्या पाल्याचा उग्र, हिरवा वास रानभर पसरला. आमच्याकडचा हुरडा मी कधी कमी लेखणार नाही, पण वालाची ती गरम, किंचित तुरट शेंग सोलून खाताना मी कराड विसरले.

जनाबाईंनी एक दाणा घेतला, बोटांनी चिरडून मऊ केला आणि डाव्या गालाकडून हळूच आत सरकवला. एक दाणा खायला त्यांना इतका वेळ लागला की आमच्या चार शेंगा संपल्या. हिराबाई त्यांच्याकडंच बघत होत्या. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"आठ म्हयने मी कुनाला तोंड दाखवलं नाय," जनाबाई सांगत होत्या. "न्हानीत पन आरसा नको वाटायचा. मंग एकदा इथली नर्सबाई म्हनली, मावशी, तुमी माज्यासंगं वाडीवर येता का, नुसत्या बसा. गेले. नदीकाठची वाडी हाय, बायका मजुरी करतात, तंबाखूवर दिवस काडतात. मी पदर काडला. कुनी भाषन केलं नाय. दुसऱ्या दिशी सहा बायका आपापली पुडी घेऊन आल्या, ठेवून गेल्या."

दुसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर त्यांनी आम्हाला उठवलं. कालव्याच्या काठानं चालायला जायचं होतं. गावातल्या दहाबारा बायका आणि वाडीवरच्या चौघी जमल्या. दात घासून यायचं आणि चालायला लागायचं, म्हणजे मशेरीची वेळ रस्त्यातच निघून जाते, असा त्यांचा सरळ विचार. कालव्यातून वाफ निघत होती, खाली उन्हाळी भाताची रोपं हिरवीगार दिसत होती. मला वाटलं होतं, व्यायाम म्हणजे गुपचूप भरभर चालणं. इथं सुनांच्या कागाळ्या, भाजीचे भाव, कुणाची म्हैस व्याली, सगळं चाललं होतं. सत्तरीच्या जनाबाई सगळ्यांच्या पुढं होत्या आणि मला धाप लागत होती.

परतताना हिराबाई माझ्या जवळ आल्या. "रोह्याचा दवाखाना किती वाजता उघडतो?"

रोहा

रोह्याला आम्ही तिघी गेलो. जनाबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या रिक्षात आधी जाऊन बसल्या.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ओळ होती. गुटखा खाणारे कंपनीतले तरुण कामगार, विडी ओढणारे म्हातारे आणि आमच्यासारख्या बायका. तपासणारी डॉक्टर वयानं मनीषापेक्षाही लहान. तिनं हिराबाईंना विचारलं, "मावशी, तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा." हिराबाईंची दोनच गेली. तिसऱ्या बोटाशी त्या झगडत राहिल्या, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जनाबाई मागं उभ्या होत्या. त्यांनी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

"चट्टा आहे," डॉक्टर म्हणाली. "बघून फार वाईट वाटत नाही, पण बघून सांगता येत नाही. छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. निकाल काहीही येवो, मशेरी आजपासून बंद. बंद केली तर असे चट्टे पुष्कळदा कमी होतात."

तुकडा काढताना हिराबाईंनी माझं मनगट धरलं होतं. बांगडी हातात रुतली. झाल्यावर ओठाशी कापूस धरून त्या उठल्या आणि रिकाम्या खुर्चीकडं बोट दाखवलं.

"माझं मनीषानं बघितलंय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि बोट तसंच ठेवलं.

मी बसले. माझी तीन बोटं गेली. चट्टा नव्हता, पण हिरड्या खालून झिजल्या होत्या, दोन दात हलत होते, आणि डावीकडं एक लालसर जागा होती. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी कुणा डॉक्टरला खरं वर्ष, खरी वेळ, खरं प्रमाण सांगितलं. तिनं ते साध्या चेहऱ्यानं लिहून घेतलं. आपण एवढं काय लपवत होतो, असं वाटून गेलं.

मी रोह्याहूनच कराडला परतणार होते. स्टँडवर बसची वाट बघताना हिराबाई कापसाआडून म्हणाल्या, "सकाळी सहाला मला लय तलफ येते. तुमाला?"

"मलाही सहालाच."

"मंग सहाला फोन करायचा. तुमी नायतर मी. तलफ जाईपातुर बोलायचं."

आणि नंतर

आठ दिवसांनी मनीषानं कळवलं, तुकड्यात कर्करोग नाही. दर तीन महिन्यांनी दाखवत राहायचं. माझ्यावरचा तिचा राग केव्हा गेला ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्या बेचाळिसांतल्या कोण टिकल्या आणि कोण घसरल्या, हे ती मला आठवड्याला सांगू लागली. सुगंधा दोनदा घसरली. मीही दोनदा. एकदा भाऊबंदांतल्या लग्नात, आणि एकदा काहीच कारण नसताना.

सहाचा फोन मात्र चुकला नाही. हिराबाईंना फोनवर बोलायची सवय नव्हती. पहिल्या दिवसांत त्या नुसत्या "हाय का?" म्हणायच्या आणि मी "आहे" म्हणायचे. मग हळूहळू आम्ही काय शिजवणार तिथून सुरू करून कुठंही पोचू लागलो. त्यांची बोली मला चढली आणि घरात नवरा हसू लागला. उन्हाळ्यात त्यांचा चट्टा निम्म्यानं कमी झाल्याचं डॉक्टरनं सांगितलं. माझी लाल जागाही गेली. हलणारा एक दात काढावा लागला, दुसरा अजून आहे.

आषाढात एका सकाळी सहा वाजले, सव्वासहा झाले, फोन आला नाही. मी केला तर कुणी उचलला नाही. मनीषाचाही लागेना. मनात नको ते येऊ लागलं. चट्टा पुन्हा आला असेल, नाहीतर परसात चूल पेटली असेल आणि माझ्याशी बोलायची लाज वाटत असेल. चहा केला तो तसाच निवला.

साडेसातला फोन वाजला. मागं पाणी वाहिल्याचा आणि पाचसहा बायकांच्या बोलण्याचा आवाज होता.

"कुठं होता तुम्ही?" मी जरा रागानंच विचारलं.

"शेतावर. लावनी चाललीय. पहाटं समद्याजनी निघालो, फोन घरीच ऱ्हायला. आता भाकर घेऊन सून आली, तिच्या फोनवरनं बोलतंय."

"आणि सहाला काय केलंत? तलफ आली तेव्हा?"

पलीकडं बायकांतल्या कुणीतरी त्यांना हाक मारली, रोपांची जुडी टाकायला.

"आली नाय गो," हिराबाई म्हणाल्या. "तुमी इचारलं तवा आठवलं."